तांदळातलं नाव, सूचीतलं नाव

वहिनी,

कुणालाच न सांगितलेलं आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि चहा पिऊन उठून जाईन. तुमच्या पुस्तकाची संदर्भसूची लावताना मी तुम्हाला म्हणालो होतो, "सॉफ्टवेअरला जमत नाही, वहिनी." ते खोटं होतं. जमत होतं. आणि जमतं हे पुस्तक छापण्याआधीच मला कळलं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुमच्या आठवणीचं एक पान मागितलंय. जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे दादा लिहून देणार आहे, त्याच्याकडे सगळं आहे. मी म्हटलं, मला वेगळं लिहायचंय. संपादक म्हणाले, "लिहा ना भिया, पण जरा आटोपशीर." आटोपशीर लिहिणं मला चांगलं जमतं. इतकी वर्षं तेच करत आलोय. आज जमलं नाही तर चालेल.

ज्यांना आपल्या घरातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. तुम्ही देवासच्या. देवासच्या माणसाला दोन-दोनची सवय असते, असं तुम्ही म्हणायचात. एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती; रस्त्याची ही बाजू एकाची, ती बाजू दुसऱ्याची. तुमचा अभ्यासाचा विषयही तोच होता, दोन पात्यांच्या देवासमधल्या विहिरी. कोणती विहीर कागदोपत्री कुणाची आणि पाणी खरं कोण भरत होतं. "कागदावर विहीर थोरल्या पातीची, आणि पोहरा धाकट्या पातीचा," हे वाक्य तुमच्या तोंडी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या आईलाही पाठ झालं होतं. एम. ए. करताना तुम्ही या विषयावर दोन लेख लिहिलेत. इंदूरच्या एका मराठी त्रैमासिकात ते छापून आले. वर नाव होतं कुमुद पारखी.

मग तुमचं लग्न झालं आणि तुम्ही धारला आलात. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले. दादाच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि आई म्हणाली, "लिही रे नाव." दादा लाजून अंगठी बोटांत फिरवत राहिला. आईनं सुचवलेली दोन नावं आत्यांनी मोडून काढली होती, एक मोलकरणीचं म्हणून आणि दुसरं आत्यांच्या जावेचं म्हणून. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, दाराला टेकून उभा होतो. कुणी विचारलं नसताना मी म्हणालो, "सुनंदा." घरात माझं बोलणं इतकं दुर्मिळ की सगळ्यांनी वळून पाहिलं आणि कुणी विरोधच केला नाही. दादानं तांदळात सुनंदा लिहिलं. तुम्ही मान वर करून नाव कुणी सुचवलं ते पाहिलंत. रागावलेल्या नव्हतात. फक्त पाहून ठेवलंत.

पुढे कधीतरी तुम्हीच म्हणालात, "ते तांदूळ दुसऱ्या दिवशी आईंनी खिरीत घातले, भावजी. माझं नाव तुम्ही सगळ्यांनी खाल्लंत, वर वेलदोडा कमी पडला म्हणालात." मी हसलो. तुम्हीही हसलात. पण माझ्याहून जरा लवकर थांबलात.

आमच्या घरात माझी वाक्यं दुसरे पूर्ण करायचे. आई करायची, दादा अजून करतो. तुम्ही कधी केली नाहीत. मी अडलो की तुम्ही हातातलं काम चालू ठेवून थांबायचात. भाजी निवडत, वह्या तपासत, पण थांबायचात. मुलाखतीला जाण्याआधी तुम्ही मला असंच समोर बसवून बोलतं केलं होतंत. मी गणिताचा मास्तर झालो त्यात गणित माझं होतं, बोलणं तुमचं. आज हे वाक्य पूर्ण करतोय, तेव्हा तुम्ही थांबलेल्या नाही आहात. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

तुमची लेक रेवा कॉलेजला गेली आणि तुम्ही पीएच.डी.ला नाव नोंदवलंत. शाळेतली नोकरी, घर आणि देवासच्या फेऱ्या. इंदूरला बस बदलायची, टेकडीखालच्या माहेरी पिशवी टाकायची आणि विहिरी बघत हिंडायचं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि त्याचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा अक्षरजुळणी माझ्याकडे आली. मी गणिताचे पेपर लाटेक नावाच्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचो, हात बसला होता. तुम्ही म्हणालात, "प्रेसवाला माझी जोडाक्षरं मोडतो. तुम्हीच करा."

तेव्हा मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, आठवतंय? सकाळ होती, पोहे होते, तुम्ही वर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची डबी माझ्याकडे सरकवत होतात. मी म्हणालो, "मजकूर एका फाइलीत राहतो. संदर्भ दुसऱ्या फाइलीत. प्रत्येक संदर्भाची एक नोंद, त्यात रकाने. लेखक, शीर्षक, कुठे छापलं. मग एक वेगळं सॉफ्टवेअर त्यातून हवे ते संदर्भ उचलतं, क्रमानं लावतं आणि सूची करून देतं."

"वेगळं म्हणजे कोणतं?"

"दोन आहेत. एक जुनं, बिबटेक. एक नवं, बायबर."

"म्हणजे इथेही दोन पात्या!" तुम्ही खूश झालात. "थोरली पाती आणि धाकटी पाती. आणि आपण कुणाची रयत?"

"थोरल्या पातीची. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय."

"का?"

"सवय आहे."

"हे कारण झालं का, भावजी?"

झालं नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही त्याला बिबट्या म्हणू लागलात. फोन आला की पहिला प्रश्न, "काय, बिबट्या काय म्हणतो?" पहिल्यांदा मी तुम्हाला एक प्रकरण छापून दाखवलं, तेव्हा संदर्भांच्या जागी सगळीकडे प्रश्नचिन्हं आली होती, कारण फाइल एकदाच फिरवली होती. मी सांगितलं की लाटेक एकदा फिरवायचं, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लाटेक, तेव्हा कुठे आकडे जागेवर येतात. तुम्ही म्हणालात, "लग्नाला सात फेरे लागतात, याला चारच. स्वस्तात लावलंत."

तुम्ही संगणकवाल्या नव्हतात, पण तुमची नजर पक्की होती. सूची पाहून म्हणालात, "क्षीरसागर खऱ्यांच्या आधी कसे? क्ष शेवटी येतो." मी म्हणालो, बिबटेकला मराठी वर्णमाला कळत नाही, ते अक्षरांचे आतले आकडे पाहून क्रम लावतं. "आणि धाकट्या पातीला?" तिला कळते, मी म्हणालो. मराठी क्रमानं लाव असं सांगितलं की लावते. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. मी क्षीरसागरांना हातानं शेवटी नेऊन ठेवलं. आजचं भागलं की झालं, अशी माझी पद्धत.

मग त्या दोन लेखांची गोष्ट निघाली.

तुम्हाला हवं होतं ते साधं होतं. लेख ज्या नावानं छापले त्या नावानं सूचीत यावेत, पारखी, कुमुद. आणि त्याच नोंदीत पुढे कंसात यावं, हीच पुढे सुनंदा पोतनीस. "वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ती मुलगी आणि ही बाई एकच," तुम्ही म्हणालात. "देवासला दोन राज्यं एका गावात राहिली. मला दोन नावं एका ओळीत राहायला काय हरकत आहे?"

आणि मी म्हणालो, "सॉफ्टवेअरला जमत नाही, वहिनी."

त्या क्षणी मला खात्री नव्हती, एवढं म्हणू शकतो. सूची कशी दिसावी ते ठरवणारी शैलीची एक फाइल असते, माझ्या जुन्या फाइलीत तशी सोय नव्हती हे खरं होतं. तीही मीच वर्षानुवर्षं डागडुजी करून चालवत होतो. तिला हात लावायचं मी टाळायचो. तुम्ही म्हणालात, "बरं, मग लेख कुमुदच्याच नावावर राहू द्या. मी प्रस्तावनेत लिहीन."

मी म्हणालो, "मग ते दुसऱ्या कुणाचे वाटतील. तुमचं स्वतःचं आधीचं काम सूचीत दिसणारच नाही. त्यापेक्षा सगळं सुनंदा पोतनीस या एका नावावर घेऊ. नीट दिसेल." प्रस्तावनेत लिहून निम्मं काम झालं असतं, पण तेही मी होऊ दिलं नाही. एकच नाव असल्यावर खुलासा कशाला, म्हणालो.

तुम्ही सूचीची पानं जुळवून ठेवलीत. मग म्हणालात, "तुम्ही म्हणता तर तसं. बिबट्यापुढे आपलं काय चालणार."

दोन-तीन दिवसांनी स्टाफरूममध्ये मोकळा तास होता. मी बायबरबरोबर चालणाऱ्या त्या संचाचं मॅन्युअल उघडलं. कशासाठी, ते सांगतो: तुमचं "हे कारण झालं का" डोक्यात राहिलं होतं. चाळता चाळता रकान्यांची माहिती आली आणि त्यात तो रकाना होता. लेखकाच्या नावाला जोड देण्यासाठी. टोपणनाव असेल तर खरं नाव, किंवा उलट, त्यात लिहावं आणि ते नावाला लागून छापावं, अशासाठीच केलेला. तयार शैली तो आपणहून छापत नाहीत, आपल्याला दोन-चार ओळी घालाव्या लागतात. तेवढंच. कुणीतरी, कुठेतरी, दोन नावांच्या माणसाचा विचार करून ती जागा आधीच करून ठेवली होती.

आणि खरं सांगायचं तर थोरल्या पातीतही टीप म्हणून ते बसवता आलं असतं. म्हणजे जमत नव्हतं ते सॉफ्टवेअरला नव्हतं.

मी मॅन्युअल मिटलं. पुढचा तास होता, मी वर्गात गेलो.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. आळस होताच. सगळी प्रकरणं नव्या संचात न्यायची, शैली पुन्हा लिहायची, परीक्षेचे पेपर समोर पडलेले. शिवाय एकदा "जमत नाही" म्हणून बसलो होतो. "जमतं" म्हणायचं तर आधीचं खोटं नाही तरी अज्ञान कबूल करावं लागलं असतं, आणि संगणकातलं कळणारा म्हणून घरात माझी तेवढी एकच पत होती. पण याच्या खाली आणखी काही होतं, ते मला फार उशिरा दिसलं. सुनंदा हे नाव मी सुचवलं होतं. सबंध आयुष्यात घरानं माझं मध्ये न तोडता ऐकलेलं ते एकच बोलणं. ते नाव पुस्तकावर, सूचीत, सगळीकडे एकसारखं दिसावं असं मला आतून वाटत होतं. तुमच्या त्या आधीच्या नावाला त्यात जागा नव्हती. कुमुद पारखी या मुलीला मी ओळखतच नव्हतो, वहिनी. आणि ओळख करून घ्यायची मी कधी तसदी घेतली नाही.

पुस्तक निघालं. तुम्ही पहिली प्रत देवासला नेऊन देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर ठेवलीत आणि मग माझ्या हातात दिलीत. आत लिहिलं होतं, "भावजींना, ज्यांनी अक्षर मोडू दिलं नाही." ते पान मी आता उघडत नाही.

वर्षभरानं ते परीक्षण आलं. महाराष्ट्रातल्या एका त्रैमासिकात, चांगलं चार पानी. परीक्षक अभ्यासू होते, तुमच्या विहिरींच्या कामाचं कौतुक केलं होतं. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की या विषयावर पहिलं काम कुमुद पारखी या संशोधिकेचं आहे, मूळ अंक पाहिला असता तिचं नाव स्पष्ट दिसतं, आणि प्रस्तुत लेखिकेनं मात्र ते दोन्ही लेख सूचीत स्वतःच्या नावावर दाखवले आहेत. पुढे खेदाचा एक शब्द. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी मूळ अंक उघडून पाहिला होता. अभ्यास असाच करायचा असतो.

तुम्ही अंक घेऊन माझ्याकडे आलात. दारातूनच म्हणालात, "ऐकलंत का भावजी, मी माझ्याच घरात चोरी केली म्हणे!" आणि खूप हसलात. मीही हसलो. दादा पीथमपूरच्या कारखान्यातून सकाळपाळी करून आला होता, बूट काढता काढता म्हणाला, "छोड ना यार. एक चिट्ठी लिख दे, ते शपथपत्र जोड. बात खतम." विद्यापीठासाठी केलेलं नाव-बदलाचं शपथपत्र कपाटात होतंच.

तुम्ही हसायचं थांबलात. म्हणालात, "शपथपत्र विद्यापीठाला दिलं, ते त्यांचं काम होतं. वाचकाला मी मीच आहे याचं शपथपत्र का देऊ? ज्यानं पुस्तक वाचलं त्याला पुस्तकातच कळायला हवं होतं. सूचीतच."

"मग सूची कुणी बिघडवली?" दादानं विचारलं. सहज विचारलं. त्याला उत्तर नको होतं, चहा हवा होता.

मी तिथेच होतो, खुर्चीत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि थांबलात. नेहमीसारख्या. आत्ता कळतं, तुम्ही माझ्यासाठी जागा केली होती. मी अंकाची पानं उलटत राहिलो. मग तुम्ही दादाला म्हणालात, "सूची माझी, चूक माझी," आणि आत गेलात.

त्या त्रैमासिकाला तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यानंतर तुम्ही नवीनही काही लिहिलं नाहीत. देवास जिल्ह्यातल्या बागलीकडच्या जुन्या संस्थानी ठाण्यांच्या विहिरींवर तुम्हाला काम करायचं होतं, टिपणं सुरू झाली होती, ती बंद पडली. विचारलं तर म्हणायचात, "कोणत्या नावानं लिहू ते ठरलं की लिहीन." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, पण चेहऱ्यावर ते कुणाला वेगळं दिसत नसणार. माझा चेहरा तसाही एकच असतो.

माझ्याकडे प्रबंध घेऊन येणारी पोरं विचारायची, "सर, कौन सा लगाऊँ, बिबटेक या बायबर?" मी काय सांगायचो, माहीत आहे? "जो आता है वही लगाओ." याच सल्ल्यावर तुमचं पुस्तक लावलं होतं, आणि तोच मी पुढे वाटत राहिलो.

आपलं शेवटचं भांडण, त्याला भांडण म्हणायचं तर, या उन्हाळ्यात झालं. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या नव्हतात अजून, गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसायचात. दुपार होती. तुम्ही म्हणालात, "दुसरी आवृत्ती काढायची म्हणतोय प्रकाशक. बिबट्याला पुन्हा एकदा विचारा ना, भावजी. एवढ्या वर्षांत सुधारला असेल."

त्या दिवशी सगळं सोपं होतं. मी म्हणू शकलो असतो, हो, सुधारलाय. नव्यानं जमायला लागलंय. म्हणजे जुनं खोटं न उघडताही काम झालं असतं. तुम्ही मला तो रस्ताच काढून दिला होता; तुम्हाला सगळं ठाऊक होतं की नव्हतं, हे आता मला कधीच कळणार नाही. पण माझ्या तोंडून जे निघालं ते हे: "नाही हो वहिनी. ते मुळातच तसं आहे."

तुम्ही म्हणालात, "असं." मग बाहेर बघत म्हणालात, "मुळातच तसं असलेलं कुणी नसतं, भावजी. ना बिबट्या, ना माणूस." आणि पाणी मागितलंत.

मी पाणी आणून दिलं. त्यानंतर आपण दोघं बोललो ते औषधांबद्दल.

तुम्ही गेल्यावर घरात माणसांची वर्दळ होती तोवर मी सतरंज्या घालणं, कप गोळा करणं यात होतो. ती ओसरली तशी मी तुमची फाइल उघडली. बायबर घेतलं. कुणी शिकवायला नको होतं, मॅन्युअल तेच होतं. पहिल्या दिवशी काहीच चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सूची आली, पण सगळी महिन्यांची नावं इंग्रजीत. मी चिडलो नाही. तुम्हाला विहिरींचे मालक शोधायला किती फेऱ्या लागल्या होत्या ते आठवलं, आणि बसून राहिलो.

आता ती लागली आहे. सांगतो कशी, तुम्हाला ऐकायचं असेल. क्षीरसागर आपणहून शेवटी गेले, हात लावावा लागला नाही. हिंदी नोंदींत दोन लेखकांच्या मध्ये 'और' लागतं, मराठीत 'आणि'. तेही तुम्ही एकदा सुचवलं होतंत आणि मी ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. पिण्याच्या पाण्याबद्दल ज्यांच्याशी तुम्ही देवासला बोललात त्या बायकांची मी तळटिपेत बोळवण केली होती. त्या आता सूचीत आहेत, त्या स्वतःचं नाव जसं सांगतात तसं, आडनाव नसेल तर आडनावाशिवाय.

आणि प मध्ये: पारखी, कुमुद, कंसात "पुढे सुनंदा पोतनीस", आणि खाली ते दोन लेख, जसे छापले तसे. त्याच्या थोडं खाली पोतनीस, सुनंदा, कंसात "पूर्वीच्या कुमुद पारखी". दोन्ही नावं एकाच पानावर आली, वहिनी. मी काही केलं नाही, वर्णमालेनंच शेजार दिला. रस्त्याची ही बाजू आणि ती बाजू.

ते पान छापून घेतलं आणि तुमच्या खुर्चीशी गेलो. खुर्ची आता रेवा वापरते. रेवाला म्हटलं, "बघ." तिनं पाहिलं. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, बोलते फर्राटे से, वाचताना अक्षर अक्षर लावते. बोट ठेवून तिनं पा-र-खी लावलं, मग कुमुद. म्हणाली, "ये तो आईचं पहलेवालं नाव आहे ना काका? हे इथे असं आधी का नव्हतं?"

मी म्हणालो, "सॉफ्टवेअर..."

आणि थांबलो. रेवा थांबली नाही, ती तुमच्यासारखी नाही. ती म्हणाली, "हाँ, पुराना वाला होगा," आणि माझं वाक्य पूर्ण करून फोन घ्यायला गेली. मी पुन्हा सुटलो. इतका सहज सुटलो की मला स्वतःची किळस आली. म्हणून हा लेख.

ठरवलंय ते ठरवलंय. दुसरी आवृत्ती नव्या सूचीनं निघेल. प्रकाशकाला मी फाइल देऊन आलो. आवृत्तीच्या सुरुवातीला एक पान माझं असेल, त्यात पहिल्या आवृत्तीत त्या दोन लेखांवरचं नाव कुणी बदललं ते लिहिलेलं असेल. माझं नाव, हुद्दा, सगळं. त्या त्रैमासिकाला पत्र गेलं आहे. परीक्षकांचं बरोबर होतं आणि लेखिकेचंही, चुकलं ते मधल्या माणसाचं, असं त्यात लिहिलं. बागलीची टिपणं मी वेगळी काढून ठेवली आहेत. ती मला पूर्ण करता येणार नाहीत, पण ती जशी आहेत तशी छापायची, दोन्ही नावांनी. आणि आता पोरं विचारायला आली की मी आधी विचारतो, तुझे संदर्भ कोणत्या भाषांतले, कोणत्या माणसांचे, त्यांची नावं कशी लिहायची आहेत? तू काय वापरतोस ते मग बघू. ते म्हणतात, "सर, आप तो पहले ऐसा नहीं बोलते थे." नव्हतोच बोलत.

दादाला हा लेख काल दाखवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला आणि घडी घातली. मग म्हणाला, "तिला माहीत होतं रे." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "माझी बायको होती," आणि गाडीची चावी घेऊन बाहेर पडला. रागावलाय की नाही मला कळलं नाही. रागवायचा त्याला हक्क आहे.

आता एक उरलं. हे लिहून झालं, छापूनही येईल, आणि मी इथेही लपू शकतो, कारण ज्या एका माणसानं हे वाचायला हवं तिला मराठी धड वाचता येत नाही. रेवा हा अंक चाळेल, तुमचा फोटो बघेल, दोन ओळी लावेल आणि "काकांनी छान लिहिलं" म्हणून ठेवून देईल. तेव्हा तिला समोर बसवून, पहिल्या ओळीपासून, माझ्या तोंडानं, मध्ये न थांबता हे सगळं वाचून दाखवायचं, एवढं मी तुमचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.